विंचेस्टर मॉडेल ७०: कोणत्या काळातली रायफल घ्यावी आणि ती कशी ओळखावी

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या गन शोमध्ये जुन्या शिकारी रायफलींच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहिलं, की ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द हमखास कानावर पडतो. अर्थ साधा आहे: १९६४ च्या आधी बनलेली विंचेस्टर मॉडेल ७०. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक सावरून बसतं आणि किंमत वर जाते. पण हा शब्द फक्त काळ सांगतो. समोरची रायफल कुठल्या अवस्थेत आहे, तिची नळी मूळची आहे का, तिचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) तिचाच आहे का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. उलट १९६४ नंतरच्या काही रायफली शिकारीसाठी जास्त सोयीच्या आहेत. केवळ तारखेमुळे त्या बाजूला पडतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी बोल्ट, मग क्रमांक, मग नळी आणि दस्ता, आणि शेवटी कुठल्या काळातली घ्यावी ते. याच क्रमाने गेलात तर विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबावं लागत नाही.

आधी वंशावळ

विंचेस्टरने १९२५ मध्ये मॉडेल ५४ ही बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल बाजारात आणली. तिच्यातल्या उणिवा दूर करून १९३६ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या कारखान्यात मॉडेल ७० चं उत्पादन सुरू झालं. बोल्टचा पाया जर्मन माउझर ९८ चा होता, पण सेफ्टी, ट्रिगर आणि बोल्ट थांबवणारी कळ विंचेस्टरने आपल्या पद्धतीने केली. सुरुवातीच्या काडतुसांमध्ये .२२ हॉर्नेट आणि .२२० स्विफ्टपासून .२७० विंचेस्टर, .३०-०६, .३०० एच अँड एच मॅग्नम आणि .३७५ एच अँड एच मॅग्नमपर्यंत मोठा पल्ला होता. .२७० काडतुसाला जी लोकप्रियता मिळाली, तिच्यात या रायफलीचा मोठा वाटा आहे. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकन मरीन स्नायपर कार्लोस हॅथकॉकने .३०-०६ ची मॉडेल ७० वापरली आणि तिच्या नावाभोवती आणखी वलय तयार झालं.

यानंतरचा इतिहास पाच टप्प्यांत लक्षात ठेवला तर पुरे. १९३६ ते १९६३ हा मूळ रचनेचा काळ. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी जवळजवळ सगळं बदललं. १९६८ च्या सुमारास त्या नव्या रचनेत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आणि ती पुढे अनेक वर्षं चालली. १९९२ पासून ‘क्लासिक’ या नावाने जुन्या पद्धतीचा बोल्ट नियमित उत्पादनात परत आला, तो २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद होईपर्यंत. त्यानंतर २००८ पासून एफएन कंपनीच्या साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया इथल्या कारखान्यात नव्याने उत्पादन सुरू झालं आणि पुढे काही वर्षांनी जुळणीचं काम पोर्तुगालला गेलं.

मालकीही बदलत गेली. १९८१ मध्ये विंचेस्टरची तेव्हाची मालक ऑलिन कंपनीने न्यू हेवनचा व्यवसाय यू. एस. रिपीटिंग आर्म्स कंपनीला विकला आणि दशकाच्या शेवटी ती कंपनी बेल्जियमच्या एफएनकडे गेली. ग्राहकाच्या दृष्टीने मालकापेक्षा बोल्टची रचना महत्त्वाची, त्यामुळे तिकडे वळू.

पायरी पहिली: रायफल रिकामी करा आणि बोल्ट बाहेर काढा

नळी सुरक्षित दिशेला ठेवा. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मॅगझिनच्या तळाचं झाकण उघडून आतलं सगळं बाहेर काढा. विक्रेता ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरी हे स्वतः करायचं. टेबलावर जिवंत काडतूस असता कामा नये.

मॉडेल ७० ची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे आणि ती थेट फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या सुईला, अडवते. पूर्ण मागे असताना पिनही बंद आणि बोल्टही बंद. मधल्या टप्प्यात पिन बंद, पण बोल्ट उघडता येतो, म्हणजे चेंबरमधलं काडतूस सुरक्षितपणे काढता येतं. पुढे ढकलली की रायफल उडवायला तयार. आज ही सोय अनेक रायफलींत दिसते, पण त्या काळी हे फार विचारपूर्वक केलेलं काम होतं. ही सेफ्टी मला या रायफलीची सगळ्यांत मोठी देणगी वाटते. बाकी सगळं बदललं तरी तिचं तत्त्व सगळ्या पिढ्यांमध्ये टिकलं.

सेफ्टी मधल्या टप्प्यात आणा, बोल्टचा दांडा उचला, मागे ओढा, रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या बाजूला मागे असलेली बोल्ट-स्टॉपची कळ दाबा आणि बोल्ट काढून घ्या. निम्मी उत्तरं आता तुमच्या हातात आहेत.

पायरी दुसरी: बोल्टचं तोंड वाचा

बोल्टच्या उजव्या अंगाला जवळजवळ पूर्ण लांबीची, पंजासारख्या टोकाची पट्टी असेल, तर तो कंट्रोल्ड राउंड फीडचा बोल्ट. हा पंजा म्हणजे काडतूस धरून चेंबरमधून ओढणारा एक्स्ट्रॅक्टर. बोल्टच्या तोंडाची खालची कड उघडी दिसेल. मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हा त्याची कड या उघड्या बाजूने सरकत पंजाखाली जाऊन बसते. म्हणजे काडतूस चेंबरमध्ये पोहोचण्याआधीच बोल्टच्या पकडीत असतं. रायफल कशीही धरा, उलटी किंवा आडवी, काडतूस सुटत नाही.

पंजाची लांब पट्टी नसेल, बोल्टचं तोंड चारही बाजूंनी कडेने बंद असेल, त्यात छोटा एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंगवर मागेपुढे होणारी बारीक खुंटी दिसत असेल, तर तो पुश फीडचा बोल्ट. ही खुंटी म्हणजे काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर. इथे बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो आणि अगदी शेवटी, बोल्ट बंद होताना, एक्स्ट्रॅक्टर कडेवर चढतो.

यातला फरक शिकारीत नेमका कधी जाणवतो? घाईत, पहिल्या गोळीनंतर, बोल्ट अर्धाच पुढे नेऊन परत मागे ओढला तर. पंजाच्या बोल्टमध्ये ते काडतूस बोल्टबरोबर मागे येतं आणि बाहेर फेकलं जातं, दुसरं त्याची जागा घेतं. पुश फीडमध्ये ते काडतूस चेंबरच्या तोंडाशीच राहतं. पुढच्या वेळी बोल्ट दुसरं काडतूस उचलतो आणि त्याच्यावर नेऊन आदळतो. रायफल अडकते. हरणाच्या शिकारीत यामुळे एक संधी जाते, पण केप म्हशीसारख्या जनावरासमोर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीसाठी जाणारे लोक पंजाच्या बोल्टचा हट्ट धरतात, त्याचं कारण हे आहे.

दुसरा फरक काडतूस बाहेर फेकण्याचा. पंजाच्या बोल्टमध्ये इजेक्टर रिसीव्हरमध्ये पक्का बसवलेला पात्यासारखा असतो, म्हणून बोल्ट हळू ओढला की रिकामं काडतूस हळूच हातात येतं, जोरात ओढला की लांब उडतं. घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांना हे फार आवडतं, रिकामी कवचं गवतात शोधावी लागत नाहीत. पुश फीडची खुंटी कायम दाब देत असते, त्यामुळे ते आपल्या जोराने उडतंच.

पुश फीडची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. बोल्टचं बंद तोंड काडतुसाच्या बुडाला सगळीकडून वेढतं. कवच फुटून गॅस मागे आला, तर हा वेढा जास्त आधार देतो. जुन्या मॉडेल ७० मध्ये नळीच्या मागच्या तोंडाला शंकूसारखा उतार आहे. त्यामुळे काडतूस सहज शिरतं, पण कवचाचा थोडा भाग उघडा राहतो, आणि गॅस सांभाळण्याच्या बाबतीत जुन्या रचनेवर टीका झाली ती याच कारणाने. अचूकतेत पुश फीड कुठेही कमी नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘पंजाच्या बोल्टमध्ये काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करायचा नाही, पंजा तुटतो’ असं सांगितलं जातं. लष्करी माउझर ९८ च्या अनेक रायफलींना ते लागू आहे. मॉडेल ७० च्या पंजाला मात्र त्यासाठी उतार दिलेला आहे, तो कडेवरून सरकून बसतो. तरी सवय म्हणून मॅगझिनमधूनच भरावं, हे बरं.

तिसराही प्रकार आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला काही स्वस्त मॉडेलांना कंट्रोल्ड राउंड पुश फीड हा मधला बोल्ट आला. त्याच्या तोंडाची कड खाली उघडी असते, पण लांब पंजा नसतो. बोल्ट पाहून गोंधळ झाला, तर हा प्रकार असण्याची शक्यता लक्षात ठेवा. तो पंजाचा बोल्ट म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

पायरी तिसरी: डमी काडतुसांनी चाचणी

डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं त्याच कॅलिबरची, कारखान्यात बनलेली आणि वेगळ्या रंगाची असावीत. मॅगझिन भरा. बोल्ट सावकाश, अर्धाच पुढे न्या आणि परत ओढा. काडतूस बाहेर आलं तर पंजा काम करतो. मग पूर्ण फेरी वेगात करा, नंतर मुद्दाम फार हळू करा. मग रायफल उजव्या कुशीवर आडवी धरून तेच करा.

बारीक गोष्ट अशी की मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस अनेकदा वेगळं वागतं, कारण त्याला खालून दाबणारं दुसरं काडतूस नसतं आणि स्प्रिंग सैल होते. शेवटच्या काडतुसाची फेरी कधीही सोडू नका. अडखळ आली तर ती रायफलीची आहे की मॅगझिनच्या स्प्रिंगची, हे गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, विचारा. स्प्रिंग बदलणं सोपं आहे. रिसीव्हरचे रेल, म्हणजे काडतुसाला वाट देणाऱ्या कडा, घासून दुरुस्त करणं मात्र जाणत्या हाताचंच काम आहे आणि ते बिघडलं तर परत येत नाही.

पायरी चौथी: क्रमांक

क्रमांक रिसीव्हरच्या पुढच्या भागावर उजवीकडे असतो. १९६४ पूर्वीच्या मालिकेचा शेवट ५,८१,४७१ इथे मानला जातो. नव्या रचनेसाठी क्रमांक ७,००,००० पासून सुरू केले. मध्ये मोकळी जागा सोडली, त्यामुळे जुनी आणि नवी मालिका सहज वेगळी ओळखता येते. १९६८ पासून क्रमांकाच्या आधी ‘जी’ हे अक्षर आलं. त्याच वर्षी अमेरिकेत गन कंट्रोल ॲक्ट झाला.

पण ‘जी’ वरून बोल्ट ओळखता येत नाही, आणि इथे अनेक जण फसतात. ‘जी’ क्रमांकाच्या रायफलींत १९७० च्या दशकातली पुश फीड आहे, तशीच १९९० च्या दशकातली पंजाची क्लासिकही आहे. शिवाय क्लासिक आल्यानंतरही रेंजर, ब्लॅक शॅडो यांसारख्या स्वस्त मॉडेलांत पुश फीड चालूच होता. क्रमांक फक्त काळ सांगतो. आधी बोल्ट पाहायला सांगितलं, ते याचसाठी.

१९६४ पूर्वीच्या रायफलीत आणखी एक पडताळणी आहे. बोल्टच्या खालच्या बाजूला विजेच्या पेन्सिलने हाताने लिहिल्यासारखा क्रमांक कोरलेला असतो. तो रिसीव्हरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. न जुळणारा बोल्ट म्हणजे रायफल वाईट असं नाही, पण हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा, तपासल्याशिवाय ती उडवू नये आणि संग्राहकाची किंमत देऊ नये.

पायरी पाचवी: १९६४ पूर्वीचे तीन उपप्रकार

‘प्री-सिक्स्टीफोर’ हे एकच मॉडेल नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रायफलींत सेफ्टीची पट्टी बोल्टच्या मागच्या झाकणाच्या माथ्यावर असते, म्हणजे वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवला की ती चालवताना अडचण येते. रिसीव्हरच्या शेपटीचा, म्हणजे टँगचा, आकार तीन पाकळ्यांचा असतो. मागच्या ब्रिजला, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या पुलासारख्या भागाला, स्कोपसाठी भोकं नसतात, आणि लष्करी क्लिपसाठी खाच दिसू शकते. त्या काळी शिकारी उघड्या माशीनेच नेम धरत. स्कोप ही चैन होती, म्हणून या रचनेत चूक म्हणावं असं काही नाही.

युद्धानंतर काही काळ संक्रमणाच्या रायफली आल्या. त्यांत टँग जुन्या आकाराची, पण सेफ्टी नव्या पद्धतीने उजव्या बाजूला आणि ब्रिजला भोकं, असं मिश्रण मिळतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला टँग लांबट, गोलसर झाली आणि १९६३ पर्यंत तशीच राहिली. स्कोप लावून शिकार करायची असेल तर हाच गट सोयीचा.

युद्धापूर्वीच्या रायफलीच्या ब्रिजला नंतर पाडलेली भोकं हा संग्राहकाच्या दृष्टीने मोठा दोष आहे आणि शिकाऱ्याच्या दृष्टीने वरदान. किंमत त्यामुळे उतरते, रायफल मात्र तितकीच चांगली राहते. अशी एखादी नीट भोकं पाडलेली रायफल मिळाली, तर शिकारीसाठी मी ती बिनदिक्कत घेईन. स्कोपचे बेस विकत घेताना एवढं पाहा की .३०० आणि .३७५ एच अँड एचच्या जुन्या रिसीव्हरवर मागच्या दोन भोकांमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. .३०-०६ चे बेस त्यावर बसणार नाहीत.

१९५२ मध्ये हलकी फेदरवेट आली, .३०८ विंचेस्टर या नव्या काडतुसाबरोबर, २२ इंची नळी आणि ॲल्युमिनियमचा ट्रिगर गार्ड व तळाचं झाकण घेऊन. डोंगरात पायी फिरणाऱ्यांसाठी ती आजही उत्तम. ॲल्युमिनियमवरचा काळा रंग लवकर जातो, तेवढं सोडून द्यावं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. १९६४ पूर्वीच्या सगळ्या रायफली सारख्या सुबक नाहीत. १९६० च्या आसपास यंत्रं झिजलेली होती आणि खर्चाचा दबाव वाढला होता. त्या शेवटच्या वर्षांतल्या काही रायफलींचं घासकाम आणि लाकडातली बसवणी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या रायफलींच्या तुलनेत कमी दर्जाची वाटते. १९६३ ची रायफल ही ‘प्री-सिक्स्टीफोर’ असली, तरी ती १९५१ च्या रायफलीइतकीच असेल असं गृहीत धरू नका.

पायरी सहावी: नळी मूळची आहे का?

दस्ता काढायची परवानगी मिळाली तर काढा. जुन्या रायफलीच्या नळीच्या खालच्या बाजूला उत्पादनवर्षाचे दोन अंक कोरलेले असतात. ते क्रमांकाच्या काळाशी जवळपास जुळले पाहिजेत. थोडा मागेपुढे फरक असतो, कारण नळ्या आधी बनून पडून राहत. पण १९५४ च्या रिसीव्हरवर १९६२ ची नळी असेल तर ती नंतर बदललेली आहे.

नळीवर आणि रिसीव्हरच्या कड्यावर लंबगोलात ‘डब्ल्यू पी’ ही विंचेस्टरची प्रूफ खूण, म्हणजे दाबाच्या चाचणीत उतरल्याची खूण, दोन्हीकडे असते. नळीवर त्याऐवजी लंबगोलात नुसता ‘पी’ दिसला, तर ती सुटी विकलेली बदली नळी असण्याची शक्यता मोठी.

मग कॅलिबरची खूण पाहा. .३०-०६ आणि .२७० या दोन काडतुसांत बहुतेक जुन्या रायफली आहेत. म्हणून दुर्मीळ काडतूस लिहिलेली नळी दिसली की शंका घेणंच योग्य. उलट, .३०० एच अँड एचची चेंबर नंतर मोठी करून .३०० वेदरबी केलेल्या रायफली बऱ्याच आहेत. खूण एक आणि चेंबर दुसरी असेल, तर हा थेट सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घेतल्याशिवाय अशा रायफलीत एकही काडतूस घालू नका.

पुन्हा ब्ल्यूइंग केलेली (पोलादाला नव्याने निळसर-काळा रंग दिलेली) रायफल ओळखायला अक्षरांच्या कडा पाहा. कडा बोथट, भोकांभोवती धातू किंचित खोलगट आणि अंग आरशासारखं चकचकीत असेल, तर पॉलिशच्या चाकाने धातू खाल्ला आहे.

पायरी सातवी: दस्ता

जुन्या दस्त्यांचा नेहमीचा आजार म्हणजे टँगच्या मागे लाकडात गेलेली बारीक चीर. गोळी सुटल्यावर रिसीव्हर मागे रेटला जातो. हा धक्का पुढच्या रिकॉइल लगने, म्हणजे रिसीव्हरखालच्या लाकडात बसणाऱ्या ठोकळ्याने, झेलायचा असतो. तिथली बसवणी सैल झाली की तो धक्का टँगवर येतो आणि लाकूड फाटतं. .३७५ एच अँड एच आणि .४५८ मध्ये हे जास्त दिसतं. चीर लहान असेल तर कारागीर टँगच्या मागे थोडी जागा करून आणि रिकॉइल लगला बेडिंग करून (लाकडात घट्ट बैठक देऊन) ती थांबवू शकतो. तेल लावून चीर लपवलेली असते, म्हणून प्रकाश तिरपा पाडून पाहा.

दस्त्याच्या मागच्या टोकाला नंतर रबरी पॅड बसवलं असेल, तर त्यासाठी लाकूड कापलं का, हे विचारा. ते परत जोडता येत नाही.

१९६४ ची रायफल, आणि तिच्यावर झालेला अन्याय

१९६२ मध्ये रेमिंग्टनची मॉडेल ७०० आली. ती तयार करायला सोपी आणि स्वस्त होती. विंचेस्टरची जुनी रायफल मात्र घासून, कापून, हाताने जुळवून बनायची. कामगारांचा खर्च वाढत गेला आणि कंपनीने १९६४ मध्ये सगळं नव्याने आखलं. पुश फीड बोल्ट, हातोड्यांनी ठोकून घडवलेली नळी, लाकडावर कापण्याऐवजी दाबून उमटवलेलं चेकरिंग (पकडीसाठीची चौकड्यांची नक्षी) आणि नळीभोवती मोठी फट ठेवलेला दस्ता. गिऱ्हाइकांना हा बदल अपमानासारखा वाटला. तो राग मी समजू शकतो, कारण पहिल्या तीन-चार वर्षांतल्या त्या रायफली खरोखरच ओबडधोबड दिसतात.

पण १९६८ च्या सुमारास बोल्टच्या उजव्या लगमध्ये, म्हणजे बोल्ट बंद ठेवणाऱ्या दातामध्ये, खाच आणि रिसीव्हरमध्ये तिला वाट दाखवणारी कड आली. त्याने बोल्ट तिरपा होऊन अडकण्याची खोड गेली, आणि दस्तेही हळूहळू सुधारले. १९८१ मध्ये फेदरवेट परत आली, कापलेल्या चेकरिंगसह आणि सडपातळ दस्त्याने. या काळातली पुश फीड रायफल नीट नेम धरते, तिचा ट्रिगर जुन्याच साध्या रचनेचा आहे, सेफ्टी तीच आहे. हरीण, एल्क अशा शिकारीसाठी पैशाच्या मोबदल्यात याहून चांगली मॉडेल ७० शोधणं कठीण. पहिल्यांदा मॉडेल ७० घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हीच सुचवतो.

क्लासिक की एफएन?

पंजाचा बोल्ट हवा, पण संग्राहकाची किंमत द्यायची नाही, असं असेल तर निवड या दोघांत आहे.

क्लासिकची जमेची बाजू म्हणजे लाकूड, पोलाद आणि जुना उघडा ट्रिगर. तो अगदी साधा आहे, कचरा किंवा बर्फ आत अडकून राहत नाही, आणि थोड्या ज्ञानाने तो ओढायला किती जड असावा ते जुळवता येतं. मूळ रचनेचा हा ट्रिगर २००६ पर्यंत चालला. उणी बाजू म्हणजे दर्जा सगळीकडे सारखा नाही. काही क्लासिक अप्रतिम, काहींत काडतूस वर येताना खरखर. म्हणून तिसरी पायरी क्लासिकला सगळ्यांत जास्त कडकपणे लावा.

२००८ नंतरच्या एफएन रायफलींत बारीक घडणीची नियमितता जास्त आहे. ट्रिगर मात्र नवा, बंद पेटीतला, एमओए नावाचा. तो कारखान्यातूनच स्वच्छ सुटतो. जुन्या ट्रिगरची मोकळी, खडबडीत विश्वासार्हता ज्यांना हवी, त्यांना तो आवडत नाही. थंडीत, धुळीत आठवडे काढणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. रेंजवर आणि सौम्य हवामानात शिकार करणाऱ्याला नव्या ट्रिगरने काहीच बिघडत नाही. पोर्तुगालमध्ये जुळलेल्या रायफली केवळ तिथल्या म्हणून कमी लेखण्याचं मला कारण दिसत नाही. बोल्ट चालवून पाहा आणि त्यावर ठरवा.

आणखी एक व्यावहारिक फरक. १९६४ पूर्वीचा रिसीव्हर एकाच लांबीचा होता. .३०८ किंवा .२४३ सारख्या छोट्या काडतुसांसाठी मॅगझिनमध्ये अडसर टाकून जागा कमी केली जायची. म्हणजे बोल्टचा हात तेवढाच लांब. १९८० च्या दशकात आखूड ॲक्शन, म्हणजे आखूड रिसीव्हर आणि बोल्ट, आली आणि पुढे क्लासिक आणि एफएन दोन्हींतही ती मिळते. .३०८ किंवा .२४३ च हवं असेल तर नवी रायफल खरोखर सरस.

कागदपत्रं आणि पहिला गोळीबार

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या व्यक्तीकडून रायफल घेताना ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यावी लागते. तिथे फॉर्म भरून पार्श्वभूमी तपासणी होते. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात मोडते, आणि संग्राहकाचा परवाना असलेल्याला ती दुसऱ्या राज्यातून थेट घेता येते. १९६४ ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या पुश फीड रायफलीही आता या वयात आल्या आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात, म्हणून खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम पाहून घ्या.

घरी आणल्यावर लगेच रेंजवर जाऊ नका. गनस्मिथकडे हेडस्पेस ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने तपासून घ्या, बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोकाभोवती गॅसने खाल्लेले खड्डे आहेत का ते पाहायला सांगा, आणि नळीचं रायफलिंग (आतले वळणदार चर) व तोंड स्वच्छ करून तपासा. सगळं ठीक असेल तर कारखान्याचं, नेहमीच्या दाबाचं काडतूस घ्या, घरी भरलेलं नाही. पहिल्या काही गोळ्या बाकावर रायफल टेकवून झाडा, प्रत्येक रिकामं कवच उचलून त्याच्या बुडाकडे पाहा. प्रायमर (बुडातली, पिनच्या ठोक्याने पेटणारी टोपी) चपटा झाला असेल, कवचाच्या बुडाजवळ चकचकीत पट्टा उमटला असेल किंवा बोल्ट उचलायला जड जात असेल, तर तिथेच थांबा आणि ती कवचं तशीच पिशवीत घालून गनस्मिथला दाखवा.